विसर म्हणजे सुटशील

भाचा शनिवारी रात्रीच्या बसनं पुण्याला गेला. जाताना पाया पडला आणि म्हणाला, "मामा, तुमचा पीसी फास्ट करून ठेवलाय." तोवर माझा आशीर्वाद देऊन झाला होता. तो काही परत घेता येत नाही.

रविवारी सकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले, पुन्हा थांबले. स्क्रीन काळा तो काळाच. इंदूरच्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका त्या पेटीत होती. अध्यक्षांचं मनोगत, सराफ्यातल्या दुकानांच्या जाहिराती, आणि एका काकूंच्या तीन कवितांपैकी निवडलेली एक. (बाकीच्या दोन गाळल्यात हे काकूंना अजून कळलेलं नाही, कृपया कुणी सांगू नये.) सोमवारी सकाळी फाइल प्रेसला द्यायची होती.

भाच्याला फोन लावला. तो बसमधून अर्धवट झोपेत होता.

"मामा, तुमचा प्रोसेसर के सिरीजचा आहे. त्याला कुलूपच नाही. 100 मेगाहर्ट्झचा क्लॉक, त्याला 36 नं गुणलं की 3.6 गिगाहर्ट्झ. जोर लागला की तो आपला आपण 4.3 पर्यंत जातो. मी गुणक 50 केला."

"का?"

"होतो म्हणून."

या वयात माणसं याच कारणासाठी गच्चीच्या कठड्यावरूनही चालतात. मी स्मरणिका दोन बोटांनी टाइप करतो. 5 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 500 कोटी ठोके. ते सगळेच्या सगळे ठोके ओळीत उभे राहून माझ्या पुढच्या काना-वेलांटीची वाट बघणार. ही घाई नक्की कुणाला होती?

"आणि रॅम पण थोडी वर नेली," भाचा हळूच म्हणाला. "3200 ची 4000. ते शेवटी केलं. सेव्ह केलं आणि निघालो, बस होती ना."

म्हणजे पेपर लिहिला, पण तपासला नाही.

तेवढ्यात शेजारी पोहे-जलेबी घेऊन आले. हे वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि जगातल्या कोणत्याही दुखण्याचं कारण व्होल्टेज आहे असं त्यांचं ठाम मत आहे. मिक्सर जळला, व्होल्टेज. गीझर गळला, व्होल्टेज. त्यांची सून माहेरी गेली तेव्हाही ते बराच वेळ मीटरकडे बघत होते म्हणतात. मी भाच्याचं ऐकून सांगितलं की प्रोसेसरचं व्होल्टेज 1.2 वरून 1.4 केलंय. काकांनी जलेबीचा घास तसाच ठेवला.

"व्होल्टेजच्या वर्गात वाढते पॉवर! वर्गात!" ते म्हणाले, आणि पोह्यांच्या कागदावर हिशेब मांडला. वेग तोच ठेवला तरी 36 टक्के जास्त वीज, वेग वाढवला की आणखी. हिशेब तंतोतंत बरोबर होता. त्यांचं निदान बरोबर निघालेलं मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहत होतो. तेही जरा गोंधळले.

पण पेटी काही 36 टक्क्यांवर चालू होईना. सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरचं काम करणारा एक ओळखीचा मुलगा आहे, त्याला फोन केला. "भिया, साइड का पत्रा खोलो. बोर्ड पे चार छोटी बत्तियाँ होंगी. कौन सी अटक री है?"

पत्रा उघडला. आत वर्षानुवर्षांची धूळ. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय ते बाहेरच्या बाहेर, हे तेव्हा कळलं. बोर्डाच्या कडेला खरंच चार इवलेसे दिवे होते: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. चालू होताना बोर्ड स्वतःची परीक्षा घेतो आणि जिथे नापास होतो तिथला दिवा पेटता राहतो. आमचा डीरॅमवर अडकला होता, पिवळा.

"मग तर रॅमच," मुलगा म्हणाला. "एक निकाल दो, दूसरी सीपीयू से दूसरे नंबर के स्लॉट में लगाओ."

रॅमची पट्टी बसवताना 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते. तो आवाज बोर्ड तुटल्याचा की पट्टी बसल्याचा, हे दाबणाऱ्याला त्या क्षणी कळत नाही. पट्टी बसली, पण दिवा पिवळाच राहिला. दुसरी पट्टी लावून पाहिली, तरी तेच. पट्टीत दोष नव्हताच. बोर्डाला 4000 लक्षात होतं आणि तो प्रत्येक पट्टीकडून तेवढंच मागत होता. काही बोर्ड दोन-चारदा हरले की आपणहून जुन्या सेटिंगवर येतात. आमचा मानी निघाला.

"तो अब उसको सब भुला दो," मुलगा म्हणाला. "वायर निकालो, सेल निकालो, पाँच मिनट छोड़ दो."

विसरायला लावा! आमच्या घरात! आमच्या आईला सत्तेचाळीस साली पंगतीत कुणाला जिलबी दुसऱ्यांदा वाढली नव्हती हे वाढप्याच्या आडनावासकट आठवतं, आणि तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. या घरात गोष्टी विसरल्या जात नाहीत, वारशानं मिळतात.

पिनेतली वायर काढली. पॉवरचं बटण दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मग चष्मा कपाळावर, आईच्या हातात टॉर्च. बोर्डावर रुपयापेक्षा जाड असा, त्याची आठवण जिवंत ठेवणारा तो सेल, त्यावर बारीक अक्षरात 2032. काकांनी लगेच सांगितलं, 20 मिलीमीटर व्यास, 3.2 मिलीमीटर जाडी, म्हणून 2032. बाजूला पत्र्याची एक चिमुकली पट्टी असते, ती नखानं बाजूला केली की सेल वर येतो. मी केली. सेल वर आला, तो थेट उडून कपाटाखाली गेला.

झाडू, फूटपट्टी, काकांची काठी, सगळं घालून झालं. एक हरवलेलं कानातलं मिळालं (ते सौ.चं, आणि ते मोलकरणीनं नेलं असं दोन वर्षं ठरलेलं), सेल नाही. रविवारी गल्लीतलं दुकान बंद. तेव्हा आई म्हणाली, "माझ्या शुगरच्या मशीनमध्ये तसलाच आहे." खरंच होता! 2032. "पण जेवणाआधी परत हवा. मला शुगर बघायचीय."

पाच मिनिटं थांबायचं होतं. पाच मिनिटं एखाद्या यंत्राला हात न लावता बसणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. सौ. दोनदा म्हणाली, "अहो, झालं असेल." काकांनी एकदा मीटर बघून घेतलं.

सेल बसवला, वायर लावली, बटण दाबलं. पिवळा दिवा लागला, रेंगाळला... आणि विझला! स्क्रीनवर अक्षरं आली. बोर्ड सगळं विसरला होता, भाच्याचे पराक्रम, पंख्यांचा वेग, आणि तारीखही. त्याच्या मते आज 1 जानेवारी 2018 होती, म्हणजे इंदूर तेव्हा स्वच्छतेत एकदाच पहिलं आलेलं.

"2018?" आई टॉर्च न विझवता म्हणाली. "त्या संक्रांतीला तुझ्या मामीनं तीळगूळ दिला नव्हता."

विंडोज मात्र उघडेना. निळा पडदा आला. बोर्ड विसरताना आतली सुरक्षेची चिपही बंद करून बसला होता, त्यामुळे डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरला आमची ओळख पटेना. 48 आकडी किल्ली टाका म्हणे. सहा-सहाचे आठ गट. ती किल्ली भाच्याच्या खात्यात होती, कारण हा पीसी लावून दिला त्यानंच. त्यानं पुण्याहून एकेक आकडा सांगितला, सौ.नं कॅलेंडरच्या मागे उतरवला, काकांनी मोठ्यांदा वाचला, मी दोन बोटांनी टाकला. पाचव्या गटात काकांनी 6 चा 9 वाचला, कारण त्यांनी कॅलेंडर उलटं धरलं होतं.

स्मरणिका उघडली. काकूंची कविता जागेवर होती. एकच.

आईचा सेल परत करायला मी दुपारी लांबून नवा आणला. मुलाच्या सांगण्यावरून रॅम मुकाट्यानं 3200 वर ठेवली, प्रोसेसरला हात लावला नाही, सुरक्षेची चिप चालू केली. आणि बायोसला, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगला, पासवर्ड घातला. तो आईनं ठरवला. मला सांगितलेला नाही, कारण मी विसरेन.

भाच्याचा रात्री फोन आला. त्याला ठाऊक आहे की अशा बोर्डावर सेल काढला की पासवर्डही जातो. आईलाही आता ठाऊक आहे. पत्र्याचे स्क्रू उघडणारा पेचकस तिनं शुगरच्या मशीनच्या डब्यात ठेवलाय आणि डबा कपाटात.

भाचा दिवाळीला येतोय. येताना आजीसाठी बाकरवडी आणतो म्हणाला. आई म्हणाली, "आण. मागच्या वेळी अर्धा किलो म्हणून पाव आणली होतीस."