सापेक्ष आहे, पण कशाच्या?

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. जमिनीवर एक इंग्रजी आकडा काढलेला असतो आणि त्याच्या दोन टोकांना दोन माणसं उभी असतात. एकाला सहा दिसतो, दुसऱ्याला नऊ. खाली लिहिलेलं असतं की दोघंही बरोबर आहेत, निखळ सत्य असं काही नसतंच, तुमचं सत्य वेगळं आणि माझं वेगळं. पुढे दाखले येतात: एकच पाणी एकाला गार लागतं तर दुसऱ्याला गरम, आइन्स्टाइनने सगळं सापेक्ष असल्याचं सिद्ध केलं, आपल्याकडे आंधळे आणि हत्तीच्या गोष्टीने व जैनांच्या अनेकांतवादाने हेच आधी सांगून ठेवलं, विज्ञानही सारखं मत बदलतं. शेवटी सल्ला असतो, म्हणून वाद घालू नका.

भांडणं मिटावीत ही इच्छा चांगली आहे. पण यातला एकेक दाखला हातात घेऊन पाहिला तर तो मेसेजच्या उलट साक्ष देतो. सगळीकडे चूक एकच होते. 'सापेक्ष' हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही, 'कशाच्या सापेक्ष?' ही जागा त्यात रिकामी असते. ती भरली की वाक्य पुरं होतं, आणि पुरं झालेलं वाक्य खरं ठरलं तर सगळ्यांसाठी खरं ठरतं, खोटं ठरलं तर सगळ्यांसाठी खोटं.

सहा की नऊ?

जमिनीवर एक बंद गोल आहे आणि त्याला एक शेपूट आहे. याबद्दल दोघांत दुमत नाही. 'या बाजूने सहा वाचता येतो, त्या बाजूने नऊ' हेही दोघांना मान्य करावं लागतं. उरला प्रश्न, काढणाऱ्याने काय काढलं? त्यालाही उत्तर असतं. ती पार्किंगची जागा असेल तर शेजारच्या चौकोनांवर पाच आणि सात आहेत की आठ आणि दहा, एवढं पाहिलं की झालं. हाऊजीच्या सोंगट्या बनवणाऱ्यांना ही अडचण चांगली माहीत असते. १ ते ९० मध्ये उलटं धरल्यावर खेळातलाच दुसरा आकडा वाचला जावा अशा चार जोड्या आहेत: ६ आणि ९, १८ आणि ८१, १९ आणि ६१, ६८ आणि ८९ (एकचा आकडा नुसत्या उभ्या रेघेचा असेल तर). म्हणून अशा आकड्यांखाली रेघ मारतात. दोन्ही वाचनं बरोबर असती तर त्या रेघेची गरजच पडली नसती.

जाता जाता आणखी एक. हे चित्र देवनागरीत काढताच येत नाही, कारण ६ उलटा केला की ९ होत नाही. आपल्याकडे ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, त्यावरून 'छत्तीसचा आकडा' आला, आणि इंग्रजी आकड्यांत तो दिसत नाही. लिपी कोणती ते सांगितलं की दोन्ही गोष्टी कुणालाही पडताळता येतात.

गार की गरम?

हे घरी करून पाहण्यासारखं आहे. तीन पसरट भांडी घ्या, प्रत्येकात किमान तीन लिटर पाणी घाला. डावीकडच्या भांड्यातलं पाणी ४० अंश सेल्सिअस ठेवा, त्याहून गरम नको. उजवीकडचं बर्फ घालून १५ अंशांवर आणा, मधलं ३० अंशांवर. डावा हात गरम पाण्यात आणि उजवा गार पाण्यात मनगटापर्यंत बुडवून दोन मिनिटं थांबा. मग दोन्ही हात एकदमच मधल्या भांड्यात घाला. डावा सांगेल पाणी गार आहे, उजवा सांगेल गरम आहे.

प्रयोग फसतो तो तीन कारणांनी. मधलं भांडं लहान असेल तर हातच त्यातलं पाणी तापवतात किंवा निववतात. हात मागेपुढे घातले तर तुलना नीट होत नाही. आणि दोन मिनिटांऐवजी दहा सेकंदांतच हात काढला तर त्वचेला त्या पाण्याची सवय झालेली नसते.

आता मेसेजचा नियम इथे लावा. 'ज्याचं त्याचं सत्य' म्हणायचं तर एकाच माणसाच्या डाव्या हाताचं एक सत्य आणि उजव्याचं दुसरं मानावं लागेल. प्रत्यक्षात त्वचेतले संवेदक सवय झालेल्या तापमानापासून झालेला बदल कळवतात, पाण्याचं तापमान जसंच्या तसं कळवत नाहीत. डावा हात दहा अंश खाली आला, उजवा पंधरा अंश वर गेला. दोघांनी आपापला बदल इमानदारीत सांगितला. पाणी ३० अंशांचं आहे हे कळलं की कोणता हात काय म्हणेल हे आधीच सांगता येतं. हातांची अदलाबदल केली तर उत्तरंही बदलतील, हेसुद्धा. दोन अनुभव वेगळे का, याचं उत्तर त्या एका ३० मध्ये आहे. ते काढून टाकलं तर हातात फक्त दोन तक्रारी उरतात.

आइन्स्टाइनने काय सिद्ध केलं?

मेसेजमधला सगळ्यात वजनदार दाखला हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीचाही हाच. त्याच्या सापेक्षतेवरच्या १९०५ च्या शोधनिबंधाची मांडणी दोन गृहीतकांवर उभी आहे: एकसमान गतीने जाणाऱ्या सगळ्या निरीक्षकांसाठी भौतिकशास्त्राचे नियम तेच असतात, आणि निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सगळ्यांना तोच मिळतो, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. म्हणजे सुरुवातच 'सगळ्यांसाठी तेच' इथून आहे. दोन घटनांमधलं अंतर आणि काळ निरीक्षकागणिक बदलतात, ते हा नियम सगळ्यांसाठी सारखा राहावा म्हणूनच.

आकडे घालून पाहू. एका यानात दिवा लागतो आणि चार सेकंदांनी विझतो. यानातल्या माणसासाठी दोन्ही घटना एकाच जागी झाल्या: काळ ४ सेकंद, अंतर शून्य. यान ज्याच्यासमोरून प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने जात आहे, तो मोजतो ५ सेकंद आणि ३ प्रकाश-सेकंद (एक प्रकाश-सेकंद म्हणजे सुमारे तीन लाख किलोमीटर). तिसरा निरीक्षक या दुसऱ्याच्या सापेक्ष तेवढ्याच वेगाने उलट दिशेला चालला आहे. त्याला मिळतात ८.५ सेकंद आणि ७.५ प्रकाश-सेकंद. तिघांची उत्तरं तीन. आता प्रत्येकाच्या काळाच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करा. पहिला, १६ वजा ०. दुसरा, २५ वजा ९. तिसरा, ७२.२५ वजा ५६.२५. तिन्हीकडे १६ येतात. १९०८ मध्ये गणितज्ञ हर्मान मिन्कोव्स्कीने काळ आणि अवकाश एकत्र मांडले ते याच न बदलणाऱ्या राशीच्या आधारावर. दिवा आधी लागला आणि मग विझला, हा क्रमही तिघांसाठी तोच आहे.

'सापेक्षता सिद्धांत' या नावाने घोटाळा होतो हे खुद्द आइन्स्टाइनला कळत होतं. या नावामुळे तत्त्वज्ञानात गैरसमज झाले, असं त्याने १९२१ च्या एका पत्रात मान्य केलं आहे.

रोजच्या वापरातला पुरावाही आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. गोळाबेरीज ३८ पुढे. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरांहून जास्त जातो. म्हणून घड्याळाची वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झ न ठेवता जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ अशी लावून मग ते वर सोडतात. जो तो आपापलं सत्य धरून बसला असता तर दशांश चिन्हापुढे अकरा घरांपर्यंत नेमकी दुरुस्ती कुणाला करता आली असती?

हत्ती आणि अनेकांत

आंधळ्यांची गोष्ट बौद्धांच्या पाली तिपिटकातल्या उदान या ग्रंथात येते. डोकं चाचपलेला म्हणतो हत्ती घड्यासारखा, कान चाचपलेला म्हणतो सुपासारखा. सुळ्याला फाळ, सोंडेला हळस, अंगाला कणगी, पायाला खांब, पुठ्ठ्याला उखळ, शेपटीला मुसळ आणि शेपटीच्या गोंड्याला केरसुणी. मग त्यांची गुद्दागुद्दी होते. त्यातल्या प्रत्येकाची 'मी चाचपलं ते असं होतं' एवढी साक्ष खरी आहे. चूक आहे ती 'हत्ती असा असतो' यात. आणि मेसेज विसरतो ती गोष्ट म्हणजे शेजारी उभा असलेला श्रावस्तीचा राजा. त्याला पुरा हत्ती दिसतो आहे. हत्तीच नसता, किंवा जो तो म्हणेल तसा असता, तर गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

अनेकांतवादाचे, म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात या विचाराचे, तर फारच हाल केले जातात. त्याच्या 'स्याद्वाद' या मांडणीतल्या 'स्यात्' चा अर्थ 'कदाचित' लावतात आणि मग 'सगळेच थोडे थोडे बरोबर' इथे येऊन थांबतात. 'स्यात्' म्हणजे 'कथंचित्', एका ठराविक अपेक्षेने, म्हणजे ठराविक बाजूने पाहिलं तर. आणि मूळ वाक्यात त्याच्या सोबत 'एव' असतो: 'स्यात् अस्ति एव'. हा 'एव' म्हणजे आपला मराठी 'च'. अमुक अपेक्षेने घडा आहेच. अपेक्षा कोणत्या, त्याही मोजून दिल्या आहेत: द्रव्य, क्षेत्र, काल, भाव. तेराव्या शतकात जैन आचार्य मल्लिषेणाने दिलेलं उदाहरण असं: घडा मातीचा म्हणून आहे, पाण्याचा म्हणून नाही, पाटलिपुत्रातला म्हणून आहे, कान्यकुब्जातला म्हणून नाही, शिशिरातला म्हणून आहे, वसंतातला म्हणून नाही, काळा म्हणून आहे, तांबडा म्हणून नाही. चारही रकाने भरल्यावर कदाचितला जागा उरत नाही. एकाच बाजूला धरून बाकीच्या नाकारणाऱ्या मताला ही परंपरा 'दुर्नय' म्हणते, म्हणजे चुकीचं मत असू शकतं हे तिला मान्य आहे, आणि सगळ्या बाजूंनी जाणणारं केवलज्ञानही.

विज्ञान मत बदलतं, हे खरं. का बदलतं ते पाहा. बुधाची कक्षा हळूहळू वळते आणि न्यूटनच्या गणिताने हिशेब केला तर शंभर वर्षांत ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) शिल्लक राहतात. आकाशातल्या पूर्णचंद्राच्या रुंदीचा हा जेमतेम चाळिसावा भाग. तेवढ्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी एक नवा ग्रह कल्पिला, शोधला, तो सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या समीकरणांतून नेमक्या त्या ४३ विकला आल्या. सिद्धांत बदलला, कारण बुध कुणाच्या मताप्रमाणे फिरत नव्हता.

म्हणून वाद घालू नका?

काही गोष्टी खरोखर ज्याच्या त्याच्या असतात. चहा गोड लागला की अगोड, यावर भांडण्यात अर्थ नाही. कपात साखर दहा ग्रॅम होती की पाच, यावर आहे. नीतीच्या प्रश्नांत मोजपट्टी इतकी सरळ नसते, हेही कबूल. पण 'त्या समाजात ते योग्य मानत होते' आणि 'ते योग्य होतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ती एकच मानली तर सुधारकाच्या पायाखालची जमीनच जाते. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जी संस्था काढली तिच्या नावात 'सत्यशोधक' हा शब्द आहे. जातीची उतरंड त्या वेळी बहुसंख्यांना योग्यच वाटत होती. ज्याचं त्याचं सत्य मानलं तर बहुसंख्यांचंच बरोबर ठरतं आणि फुल्यांकडे शोधायला काही राहत नाही. तुकोबांनीही सत्यासत्याला मनाची ग्वाही घेतली, बहुमत मानलं नाही.

आणि वाद टाळल्याने कुणाचं भलं होतं ते बांधावर जाऊन पाहावं. शंभर मीटर लांबीचा बांध एक मीटर सरकला की शंभर चौरस मीटर जमीन जाते, जवळजवळ एक गुंठा. 'त्याचं सत्य त्याच्याकडे, माझं माझ्याकडे' म्हणून दोघं गप्प बसले तर तो गुंठा ज्याने बांध सरकवला त्याच्याकडे राहतो. दुसरा रस्ता म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करणं, भूकरमापकाने लगतधारकांना नोटीस देऊन जागेवर येणं, जुन्या अभिलेखावरून हद्दीच्या खुणा शोधणं आणि मोजणीचा नकाशा, म्हणजे क प्रत, हाती पडणं. त्या नकाशात हद्दीची रेघ एकच असते.