डब्यावर ३ लिहिलंय म्हणून गेम तीन वर्षांच्या मुलाचा होत नाही

पोकेमॉन, मारिओ कार्ट, ॲनिमल क्रॉसिंग आणि माइनक्राफ्ट या गेमांबद्दल एक दावा सतत फिरत असतो. थोडक्यात असा: हे गेम मुलांसाठीच आहेत, डब्यावर वयसुद्धा छापलेलं असतं, ते इतके सोपे असतात की मोठ्या माणसाच्या डोक्याला त्यात काही कामच नाही, आणि तरीही कुणी मोठा खेळत असेल, तर तो बालपणात अडकलाय किंवा जबाबदारी टाळतोय. दावा ऐकताक्षणी पटतो, कारण या चारही गेमांचा पहिला अर्धा तास खरोखरच तसा दिसतो. बहुतेकांनी पाहिलेला असतो तोही तेवढाच. एकेक मुद्दा घेऊ.

“डब्यावरच वय लिहिलंय”

ते वय गेम बनवणारी कंपनी आपल्या मनाने ठरवत नाही. युरोपात पेगी आणि उत्तर अमेरिकेत ईएसआरबी या वर्गीकरण संस्था ते ठरवतात. त्या पाहतात ते एवढंच, की रक्त, शिवीगाळ, भीती, जुगार यांसारखं काय आणि किती आहे. खेळायला किती कठीण आहे, कुणाला आवडेल, हे त्या मोजतच नाहीत. पेगीचा ३ म्हणजे ‘सर्व वयांना चालेल’. २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर याच ३ च्या गटात बसतो. त्यात एअरबसचं कॉकपिट चालू करायचं तर बटणांचा क्रम पाठ करावा लागतो. फिफाचे फुटबॉल गेमही ३ मध्येच होते. ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आहेत असं कुणी म्हणत नाही, कारण त्यांत गुबगुबीत प्राणी नाहीत. म्हणजे आक्षेप डब्यावरच्या आकड्याला नसून चित्रांना आहे.

“चित्रंच बघा ना, कार्टून आहे सगळं”

या चित्रांमागे बऱ्याचदा तांत्रिक अडचण होती. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये मारिओला मिशी दिली, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढणं अवघड होतं. टोपी दिली, कारण केस काढायचे नव्हते. गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि त्यावर छटा फक्त चार. मासाहिरो साकुराई १९९२ चा कर्बीचा गेम बनवत होते तेव्हा नायकाच्या जागी एक गोल गोळा तात्पुरता म्हणून ठेवलेला होता, खरं पात्र नंतर घालायचं होतं. पण तोच बरा वाटला आणि राहिला. गोल, ठळक आकार धावपळीतही पटकन ओळखू येतो. मारिओ कार्टमध्ये बारा गाड्या एकाच वळणावर एकमेकींत घुसतात तेव्हा कोण कुठे आहे हे डोळ्याला एका झटक्यात कळावं लागतं, आणि तिथे वास्तववादी चित्र अडचणच करतं.

“फारच सोपे असतात”

हा मुद्दा सर्वांत जास्त सांगितला जातो आणि सर्वांत जास्त चुकतोही, म्हणून इथे जरा थांबू.

या गेमांची सुरुवात सोपी असते हे खरंच आहे. २०१७ च्या मारिओ कार्ट ८ डीलक्समध्ये ‘स्मार्ट स्टिअरिंग’ मुळातच चालू असतं. गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसली की समजायचं, गाडी स्वतःच रस्त्यावर राहतेय. मोठा माणूस बसतो, दोन शर्यती मारतो, “हे तर आपोआप चालतं” म्हणून रिमोट खाली ठेवतो. त्याच सोयीमुळे त्याला घसरणीतून मिळणारा जांभळा, म्हणजे सर्वांत मोठा वेगाचा झटका मिळतच नाही आणि कडेचे आडमार्गही बंद होतात, हे त्याच्या लक्षात येत नाही. गाडी निवडायच्या पडद्यावर प्लसचं बटण दाबून ती सोय बंद करावी. मग आर दाबून उडी, वळणात घसरण, ठिणग्या निळ्या, मग नारिंगी, मग जांभळ्या होईपर्यंत दाबून धरणं आणि नेमक्या क्षणी सोडणं सुरू होतं. नाणी दहापर्यंत गोळा केली की कमाल वेग थोडा वाढतो, धडकलं की नाणी सांडतात. २०० सीसी या सर्वांत वेगवान गटात तर ब्रेक न लावता बरीच वळणं निघतच नाहीत, आणि मारिओ कार्टमध्ये ब्रेक असतो हेच अनेकांना तिथे पहिल्यांदा कळतं.

पोकेमॉनचंही तेच. २०१९ च्या स्वोर्ड आणि शील्डपासून लढाईचा अनुभव, ज्याने लेव्हल वाढते, संपूर्ण चमूला आपोआप मिळतो आणि तो बंद करता येत नाही. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमधून तर ‘सेट’ ही जुनी, थोडी कडक लढाईची पद्धतही काढून टाकली (आमच्या मते हा निर्णय चुकीचाच). त्यामुळे कथा संपेपर्यंत तुमचा चमू समोरच्यापेक्षा नेहमीच दोन पावलं वर असतो. कथा एवढाच पोकेमॉन धरला तर दाव्यात तथ्य आहे. पण मोठी माणसं वर्षानुवर्षं खेळतात तो भाग त्यानंतर सुरू होतो.

स्कार्लेट आणि व्हायोलेटच्या स्पर्धेत सहा पोकेमॉन न्यायचे, समोरच्याचे सहा पाहायचे आणि त्यातले चार निवडायचे. मैदानात एका वेळी दोन, आणि सगळे लेव्हल ५० वर. प्रकार १८, आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध वेगळा. प्रत्येक पोकेमॉनचे सहा गुण. प्रत्येक गुणाचा जन्मजात आकडा, म्हणजे आयव्ही, ० ते ३१. नंतर कमावलेले आकडे, म्हणजे ईव्ही, एकूण ५१०, पण एका गुणात २५२ च्या वर नाही. नेचर, म्हणजे स्वभाव, २५, त्यांपैकी २० एक गुण दहा टक्के वाढवतात आणि दुसरा दहा टक्के घटवतात.

हे आकडे कुठे नडतात ते पाहा. गार्चोम्पचा मूळ वेग १०२, चॅरिझार्डचा १००. दोघांना पूर्ण ईव्ही आणि वेग वाढवणारं नेचर दिलं तर लेव्हल ५० वर वेग होतो १६९ आणि १६७, म्हणजे गार्चोम्प आधी मारतो. पण गार्चोम्पला हल्ला वाढवणारं नेचर दिलं की त्याचा वेग १५४ वर येतो आणि चॅरिझार्ड आधी मारतो. थोडा जास्त हल्ला हवा की पहिला वार हवा, हे घरून ठरवूनच निघावं लागतं. वेग अगदी सारखा असेल तर कोण आधी हे नाणेफेकीसारखं ठरतं, म्हणून चांगला खेळाडू आपला वेग समोरच्याच्या संभाव्य वेगापेक्षा एकाने जास्त बसवतो आणि उरलेले ईव्ही बचावात टाकतो. आणि समोरच्याने ‘ट्रिक रूम’ ही चाल लावली तर पाच फेऱ्या सगळं उलटं, सर्वांत मंद तो आधी. अशा चमूसाठी वेगाचा आयव्ही मुद्दाम शून्याचा शोधतात.

नवखे इथे एक ठरलेली चूक करतात. लेव्हल ५० वर, आयव्ही ३१ असताना, पहिले ४ ईव्ही त्या गुणाचा आकडा एकाने वाढवतात. त्यानंतर प्रत्येक एकाच्या वाढीला ८ लागतात. म्हणून उपयोगी आकडे ४, १२, २०, २८ असे जातात आणि २५२ वर संपतात. कुणी १६ टाकले तर त्यातले चार फुकट गेले. एक गुण पूर्ण भरायला दहा-दहा ईव्हीची २६ व्हिटॅमिन लागतात, दुकानात प्रत्येकी १०,००० ला. म्हणजे एका पोकेमॉनच्या दोन गुणांवरच खेळातले पाच लाख वीस हजार जातात. आठ वर्षांचं मूल हे करत नाही असं नाही, पण हा त्याच्यासाठी रचलेला खाऊ नक्कीच नव्हे.

२०१४ च्या जागतिक स्पर्धेत मास्टर्स गटात, म्हणजे मोठ्यांच्या गटात, दक्षिण कोरियाचा से-जून पार्क जिंकला तो पाचिरिसू घेऊन. पाचिरिसू म्हणजे पांढरी-निळी खार, चमूतली सर्वांत गोंडस आणि कागदावर सर्वांत कमकुवत. तिचं काम मारायचं नव्हतंच. ‘फॉलो मी’ या चालीने ती समोरच्याचे वार स्वतःवर ओढून घेते. विजेचा वार तिला लागत नाही, उलट ‘व्होल्ट अॅबसॉर्ब’ या तिच्या अंगभूत क्षमतेमुळे तिची तब्येत सुधारते. आणि शेजारी असतो ग्याराडोस, ज्याला वीज चौपट लागते. त्याचा एकमेव मोठा धोका खारीने गिळून टाकला. सगळे बलवान पोकेमॉन घेऊन आलेल्या स्पर्धेत ही निवड म्हणजे शुद्ध हिशेब होता.

ज्यांना स्पर्धा नको आणि तरी कथा कठीण हवी, ते ‘नझलॉक’ खेळतात. प्रत्येक भागात भेटलेला पहिलाच पोकेमॉन पकडायचा, आणि जो एकदा बेशुद्ध पडला तो कायमचा गेला. बहुतेकजण त्यात लेव्हलची मर्यादाही घालून घेतात: पुढच्या जिम लीडरच्या, म्हणजे कथेतल्या टप्प्यावरच्या प्रतिस्पर्ध्याच्या, सर्वांत वरच्या पोकेमॉनपेक्षा वर जायचं नाही. गेममधलं काहीच बदलत नाही, पण पहिल्या जिममध्येच हात घामेजतात.

“यात विचार करण्यासारखं काय आहे?”

वरच्यानंतर हा मुद्दा खरं तर संपायला हवा. पण मार्च २०२० मध्ये आलेल्या ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्सबद्दल तो फार ऐकू येतो, म्हणून सलगमांचा बाजार सांगतो.

रविवारी पहाटे पाच ते दुपारी बारापर्यंत डेझी मे ही विक्रेती तुमच्या बेटावर येते आणि सलगम ९० ते ११० बेल्सना (बेल्स म्हणजे तिथलं चलन) एक या दराने विकते. पुढच्या रविवारी ते सडतात. सोमवार ते शनिवार दुकानाचा खरेदीभाव दिवसातून दोनदा बदलतो, सकाळी आठला आणि दुपारी बाराला. आठवड्याचे नमुने चार: वरखाली, सतत घसरण, छोटी उसळी, मोठी उसळी. मोठ्या उसळीत भाव तुमच्या रविवारच्या दराच्या सहापटीपर्यंत जाऊ शकतो.

ओळखायचं कसं? १०० ने घेतले आणि भाव घसरत घसरत अचानक वर आला, तर लगेच विकू नका, पुढचा भाव पाहा. तो १४० च्या खाली असेल तर ती छोटी उसळी: शिखर अजून दोन भावांनी, आणि ते दुपटीच्या आतच. तो १४० किंवा वर असेल तर मोठी उसळी, आणि लगेच पुढचा भाव हे शिखर. त्याच्यानंतर भाव उतरतोच, तेव्हा अजून वाट पाहणं म्हणजे निव्वळ हाव. भाव वर आलेला पाहून घाईत विकणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे कन्सोलचं घड्याळ मागे सरकवणं; त्याने सगळे सलगम तिथल्या तिथे सडतात. तिसरी म्हणजे शनिवारी रात्री दहाला दुकान बंद होतं हे विसरणं.

हे करायचं कशासाठी, तर घराचं कर्ज फेडायला. तंबूनंतरचं पहिलं कर्ज ९८,००० बेल्सचं, शेवटचं २४,९८,०००, आणि सातही मिळून ५६,९६,०००. व्याज नाही, हप्त्याची तारीख नाही. खरं कर्ज फेडणाऱ्याला यात गंमत का वाटते हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

माइनक्राफ्टमध्ये याहून कोरडा, यंत्रशाळेतला आनंद आहे. सामान आपोआप वेगळं करणारी गाळणी घ्या. हॉपरच्या, म्हणजे वस्तू पुढे सरकवणाऱ्या पाच खणी डब्याच्या, पहिल्या खणात हव्या वस्तूचे ४१ नग आणि उरलेल्या चार खणांत एकेक भलतीच वस्तू. एकूण ४५, म्हणून डबा किती भरलाय ते मोजणाऱ्या कम्पॅरेटरचा संकेत २. सेहेचाळिसावा नग आला की संकेत ३ होतो, रेडस्टोनच्या (तिथल्या विजेच्या) तारेतून तो पुढच्या रिपीटरपर्यंत पोचतो, खालचा हॉपर अडवून धरणारी टॉर्च विझते, तो हॉपर मोकळा होऊन एक नग खाली ओढतो आणि पुन्हा ४५ उरतात. बिघडतं कुठे? भलती वस्तू म्हणून दगड ठेवला आणि दगड त्याच यंत्रणेत वाहत आला, तर तो त्या खणात साठतो आणि गणित मोडतं. म्हणून एन्व्हिलवर (ऐरणीवर) त्या वस्तूचं नाव बदलतात, म्हणजे तिच्यासारखी दुसरी नसतेच. एंडर पर्लसारख्या सोळाच्या गठ्ठ्यातल्या वस्तूंना ४१ चा आकडा चालत नाही, कारण त्यांचा एक नग चार नगांइतका मोजला जातो. आणि हॉपर सेकंदाला अडीच नगच हलवतो, त्यामुळे पाण्याच्या प्रवाहातून त्याहून वेगाने माल सोडला तर तो गाळणीवरून पुढे निघून जातो.

“बालपणात अडकलेत”

काहींच्या बाबतीत खरं असेलही, पण आपल्याकडे हा तर्क तसाही लंगडा आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना पोकेमॉन आधी टीव्हीवरचं कार्टून म्हणून भेटलं; गेम बॉय फार थोड्यांच्या हातात होता. आठवणीच हव्यात तर टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवरचा मारिओ आहे. त्याच १९८५ च्या मारिओवर आज मोठी माणसं काय करतात ते पाहा: पूर्ण गेम पाच मिनिटांच्या आत. हा गेम लेव्हल संपल्याची नोंद दर २१ फ्रेमनीच (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र) घेतो, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाला एकदा. दहा फ्रेम वाचवल्या आणि पुढचा टप्पा गाठला नाही तर फायदा शून्य. त्यामुळे एका लेव्हलमध्ये २१ फ्रेमचा एक टप्पा मिळवायला लोक महिने घालवतात. याला बालपणाची ओढ म्हणायचं तर कॅरमच्या राज्यस्तरीय स्पर्धेलाही तेच म्हणावं लागेल.

“जबाबदारी टाळतात”

हे कुठल्याही छंदाबद्दल म्हणता येतं, मग खास याच गेमांवर राग का? वेळेचाच प्रश्न असेल तर हे गेम बरे पडतात. स्विच कन्सोल बटण दाबून झोपवता येतो आणि आहे तिथून पुन्हा उठतो. मारिओ कार्टची शर्यत चार मिनिटांच्या आत संपते. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये दिवसाचं काम अर्ध्या तासात उरकतं आणि मग उद्याशिवाय नवीन फारसं काही मिळत नाही.

दावा जिथे बरोबर आहे ते गेमही आहेत: अक्षरं-आकडे शिकवणारे, ज्यांत चुकल्याने काहीच होत नाही आणि शेवटाला पोचल्यावर पुढे दुसरं काही उघडत नाही. कुठला गेम त्यातला आहे हे मुखपृष्ठावरून कळत नाही. सुपर मारिओ ऑडिसीची कथा १२४ पॉवर मून गोळा केले की संपवता येते. ५०० मून झाल्यावर ‘डार्कर साइड’ उघडते: एक लांबलचक वाट, मध्ये एकही चेकपॉइंट नाही. पडलात की पहिल्यापासून.