‘हरवला’ की ‘चोरीला गेला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो होतो. पण रात्री रागाच्या भरात लिहिलेलं सकाळी खोडावं लागतं हा अनुभव जुना आहे, म्हणून थांबलो. आज सावकाश लिहितोय, त्यामुळे जरा लांबेल.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बसमध्ये माझ्या खिशातून मोबाइल मारला गेला. पोलीस ठाण्यात त्याची नोंद ‘चोरी’ऐवजी ‘गहाळ’ अशी झाली. त्या एका शब्दावरून, पोलिसांवरचा लोकांचा विश्वास कुठे झिजतो, याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की तुमचे वडील ३१ वर्षं खात्यात होते, शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. खाकी कधी अंगावर न चढवलेल्या माणसाने घरात बसून असं लिहिणं सोपं असतं. एका फोनवरून अख्ख्या खात्याला झोडपणं हा अन्याय आहे. धाक नसेल तर पोलिसांना कुणी विचारणार नाही. आणि ज्याने काही केलंच नाही, त्याने पोलिसांना घाबरायचं कारण काय?

आधी माझी चूक कबूल करतो. ‘हवालदाराने मला फसवलं’ असं वाक्य मी लिहिलं होतं. ते मागे घेतो. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो प्रसंग पुन्हा आठवून पाहिला, आणि त्या माणसाला मला फसवून काही मिळणार नव्हतं हे लक्षात आलं.

झालं होतं असं. टेबलापलीकडे पन्नाशीचे एक हवालदार होते, चष्मा कपाळावर. मी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, पाणीही विचारलं. मग पेन उघडता उघडता म्हणाले, “घेताना पाहिलंत का कुणाला?” मी म्हटलं, नाही. “धक्का लागला, कुणाचा संशय आला, असं काही?” गर्दी होती, धक्के तर सगळ्यांचेच लागत होते. “मग चोरीला गेला हे तुम्हाला कसं कळलं? पडलाही असेल.” एवढं बोलून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर ‘प्रवासादरम्यान माझा मोबाइल कोठेतरी गहाळ झाला असून माझा कोणावरही संशय नाही’ असं आधीच छापलेलं होतं, फक्त नाव, नंबर आणि तारीख भरायची. मी सही केली. सिमकार्ड त्या कागदावर दुसऱ्या दिवशी मिळालं. काम झालं, असंच तेव्हा मलाही वाटलं होतं.

तो फॉर्म छापलेला होता, यावर मात्र तुमच्याशी वाद घालायचा आहे. छापलेला म्हणजे तो एका हवालदाराचा आळस नव्हे, पद्धत आहे. चोरी लिहिली की गुन्हा नोंदवावा लागतो, त्याला नंबर पडतो, तपास अधिकारी नेमावा लागतो, आणि महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये साहेबांना उभं राहून सांगावं लागतं की आपल्या हद्दीत चोऱ्या का वाढल्या. गहाळ लिहिलं की यातलं काहीच होत नाही. खात्यातली मंडळी याला ‘बर्किंग’ म्हणतात, तुम्ही हा शब्द घरात ऐकला असेल. गुन्ह्यांचा आकडा कमी म्हणजे अधिकारी चांगला, हा हिशेब जोवर वरून चालतो तोवर खालचा माणूस आकडा कमीच ठेवणार. म्हणून त्या हवालदारांवरचा माझा राग गेला. पण परिणाम तोच राहतो ना? त्या मार्गावर आठवड्यात दहा जणांचे फोन गेले असतील, तर सरकारी कागदावर तिथे एकही चोर नाही, दहा विसरभोळे प्रवासी आहेत. जिथे चोरच नाही तिथे साध्या वेशातला माणूस कोण आणि कशाला पाठवणार?

आणि कायदा याबाबतीत संदिग्ध अजिबात नाही. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) घडल्याचं सांगण्यावरून दिसत असेल तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं. वैवाहिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जीपणा असे काही प्रकार सोडले तर आधी खरं-खोटं तपासत बसायची मुभा नाही. खरं-खोटं हा तपासाचा भाग, नोंदीचा नाही. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची, हेही कायद्यातच आहे. ठाण्याने नाही घेतली फिर्याद तर ती लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले, हे बदललं नाही. उलट घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी नोंद घ्यायची, ही ‘झिरो एफआयआर’ची तरतूद आता थेट कायद्यात आली. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची एक खिडकी मात्र उघडी ठेवली आहे. तिचा वापर कसा होतो याकडे लक्ष ठेवावं लागेल.

आता तुमचा खरा मुद्दा. बाहेरची माणसं पोलिसांवर उगाच संशय घेतात, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तुमच्या वडिलांचा सगळ्यात मोठा अपमान माझ्यासारख्यांनी केलेलाच नाही. तो कायद्याने केलाय, आणि तोही १८७२ पासून. पुरावा कायद्याचं कलम २५ तुम्हाला ठाऊक असेल: आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. शेजाऱ्यापाशी दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून तपासली जाऊ शकते, फौजदारापाशी दिलेली नाही! इंग्रज गेले, कायद्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, तरतूद जशीच्या तशी राहिली, आता ती कलम २३ मध्ये आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात कबुलीला जागा दिली, पण तिथेही अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली हवी. म्हणजे अधीक्षकाखालच्या सगळ्यांवर अविश्वास कायम.

हे आकाशातून पडलं नव्हतं. कंपनी सरकारच्या काळात महसूल वसूल करण्यासाठी आणि कबुली काढण्यासाठी लोकांना कसं छळलं जात होतं, याचा अहवाल मद्रास इलाख्यात १८५५ मध्ये सरकारच्याच आयोगाने दिला होता. १८५७ नंतर १८६१ चा पोलीस कायदा आला. तो बनवला होता आयर्लंडचं पोलीस दल डोळ्यांपुढे ठेवून, म्हणजे लोकांच्या सेवेपेक्षा लोकांना ताब्यात ठेवण्यासाठी. पुढे कर्झनने नेमलेल्या फ्रेझर आयोगाने १९०२-०३ मध्ये पाहणी केली, तर लोकांना पोलीस भ्रष्ट आणि जुलमी वाटतात असं त्यालाही नोंदवावं लागलं. तेव्हा ‘आजकालच्या लोकांचा विश्वासच राहिला नाही’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. हा विश्वास मुळात कधी उभाच केला गेला नव्हता. तुमच्या वडिलांसारख्या माणसांनी आपापल्या हद्दीत तो स्वतःच्या वागण्याने उभा केला, आणि त्यांची बदली झाली की तोही त्यांच्याबरोबर गेला.

धाकाबद्दल फार लिहीत नाही. धाक हवा, पण गुंडाला. प्रश्न असा की रात्री अकरा वाजता ‘जरा ठाण्यात येऊन जा’ असा फोन आला तर तुमच्या पोटात गोळा येतो की नाही? तुम्ही प्रामाणिक असाल तर म्हणाल, येतो, आणि तुम्ही तर पोलिसाचे चिरंजीव. हेच ‘ज्याने काही केलं नाही त्याने का घाबरावं’ याचं उत्तर. त्या फोनचा कुठेही मागमूस नसतो. कुणी बोलावलं, कशासाठी, किती वाजता आले, किती वाजता सोडलं, सगळं तोंडी. कायदा म्हणतो की साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेश हवा. स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं आणि साठीपुढचे पुरुष यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट उचलून आणू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात बजावलं. त्याआधी १९९६ च्या डी. के. बसू निकालात अटकेच्या वेळी पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या माणसाची सही, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी असं सगळं ठरवून दिलं. या यादीकडे नीट पाहिलं तर दिसतं की यात पोलिसांचा एकही अधिकार काढून घेतलेला नाही. अटक करा, बोलवा, झडती घ्या. फक्त केलंत ते लिहा, आणि लिहिलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असू द्या.

माझं एकूण म्हणणं एवढंच आहे, मागच्या लेखात ते नीट मांडता आलं नव्हतं. वर्दीतल्या माणसाने कठोर होऊ नये असं मी म्हणत नाही. जे कागदावर येतं त्याची दाद मागता येते. जे येत नाही, ते सोसायचं असतं.

(कॅमेरे लावले की प्रश्न सुटला, असं खाली दुसऱ्या एका वाचकांनी लिहिलंय. अमेरिकेत वॉशिंग्टनला दोन हजारांहून जास्त पोलिसांवर प्रयोग झाला, अंगावर कॅमेरा असलेले आणि नसलेले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की बळाच्या वापरात म्हणण्यासारखा फरक नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश झाला. २०२५ मध्ये कॅमेरे बंद असल्याच्या बातमीची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. चित्रण ज्याच्या कपाटात, किल्ली त्याच्याच कमरेला, तर कॅमेरा भिंतीवरच्या पालीइतकाच उपयोगी.)

सोळा-सोळा तासांच्या ड्युट्या, बंदोबस्तात उभ्याने काढलेले दिवस, रद्द झालेल्या रजा, याबद्दल तुम्ही लिहिलेलं शब्दन्‌शब्द मान्य. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तो मुळात एका शिपायाने मांडलेल्या कल्पनेतून, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि सुधारणा मागणारे सगळे खात्याचे शत्रू, असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा पोलीस सुधारणांचा निकाल ज्यांच्या याचिकेवर लागला ते प्रकाश सिंग उत्तर प्रदेशचे पोलीस महासंचालक होते. खाकी त्यांनीही चढवली होती. बदल्या राजकारण्यांच्या मर्जीवर होऊ नयेत, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावं, ही त्यांची मागणी. पहिल्या मागणीने तुमच्या वडिलांचं रक्षण झालं असतं, दुसरीने माझं.

राहता राहिली तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. वडील शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी ठेवत, आणि रोज रात्री जेवायच्या आधी त्यात दिवसाची ड्युटी लिहीत: कुठे पाठवलं, कुणी पाठवलं, किती वाजता. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाले होते, “साहेब तोंडी सांगतात, आणि अंगाशी आलं की विसरतात.”

तीस वर्षं खात्यात काढलेला हवालदार आपल्याच खात्याच्या तोंडी हुकमावर विसंबत नव्हता. सरकारी स्टेशन डायरी समोर असताना त्याला स्वतःच्या पैशाने दुसरी डायरी विकत घ्यावीशी वाटत होती. त्या ठाण्यात टेबलाच्या अलीकडे मी बसलो होतो, पलीकडे तुमचे वडील असते, तरी आम्हा दोघांना नेमकं एकच हवं होतं.

त्या डायऱ्या घरात असतील तर रद्दीत जाऊ देऊ नका. आणि एक विचारायचं होतं, जमलं तर बघून सांगा: एखादी चोरी ‘गहाळ’ लिहायला त्यांना कुणी सांगितलं, असा एखादा दिवस त्यात सापडतो का?