‘मावश्यांना दोष देता का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की पुण्यातल्या एका बालगृहातली एचआयव्ही असलेली लहान मुलं उशिरा चालायला लागतात आणि दिवसातले बरेच तास कॉटमध्ये जाणं हे त्याचं एक कारण आहे. त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत : दोष विषाणूचा आहे, तो आठ-आठ पोरं सांभाळणाऱ्या मावश्यांच्या माथी मारू नका. औषध नि पोटभर जेवण मिळालं की पोर आपोआप चालतं. मूल कधी चालावं याचे परदेशी तक्ते आपल्या मुलांना लावू नका. जमिनीवर खेळवणं वगैरे श्रीमंतांचे लाड आहेत. आणि संस्थेचं नाव, फोटो का लपवता?

विषाणूबद्दल तुमच्याशी वाद नाही. एचआयव्ही लागण झाल्यावर लवकरच मेंदूत शिरतो, आणि लहान वयात मेंदू घडत असतानाच घाव घालतो. काही मुलांचे पाय ताठर होतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत. काही अगदी ढिली पडतात. औषधाचं मोलही मोठं. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘चेर’ चाचणीत, बारा आठवड्यांच्या आतल्या बाळांना लागण कळताच एआरटी (विषाणूला आवरणारी औषधं) सुरू केली, तर थांबून सुरू करण्याच्या तुलनेत मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. त्यातल्या काही मुलांचा विकास पुढे तपासला, तेव्हा लवकर औषध मिळालेली मुलं हालचालीतही पुढे होती.

पण ही झाली लवकर औषध मिळालेल्यांची गोष्ट. बालगृहात येणारं मूल बरेचदा आईवडील गेल्यावर, आजीकडे, मग आणखी कुणाकडे फिरून येतं. तोवर कुपोषण झालेलं असतं, कधी टीबीही. गोळ्या विषाणूला आवरतात. मांड्यांत जोर आणि अंगात तोल मात्र हालचालीतूनच येतो. रुमानियातल्या अनाथालयांवरचे अभ्यास पाहा. तिथे एचआयव्ही नसलेली मुलंही हालचालीत मागे पडलेली दिसली. मग आपल्याकडे सगळं विषाणूच्या खात्यावर कसं टाकायचं? ‘त्याला तो आजार आहे ना, म्हणून’ हे वाक्य मला याचसाठी खटकतं. ते म्हटलं की पुढे कुणी मुलाकडे पाहतच नाही.

मावश्यांना मी दोष दिला नव्हता, आताही देत नाही. एका मावशीनं दोन पोरांना भरवायचं, तिसऱ्याचं ढुंगण धुवायचं आणि चौथ्याला जमिनीवर सोडून लक्षही ठेवायचं, हे जमणारं नाही. शिवाय पडलं, रक्त आलं तर काय, ही धास्ती. (उचलण्या-खेळवण्यानं लागण होत नाही. जखम पुसताना हातमोजे घालायचे, बस्स.) म्हणून कॉट, म्हणून देणगीत आलेले बसायचे वॉकर. त्यात मूल लोंबकळतं आणि चवड्यांवर ढकलत राहतं; ज्याचे पाय आधीच ताठर, त्याला तर ते नकोच. त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा बरा, त्यात निदान स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. तोही मूल धरून उभं राहायला लागल्यावरच. त्याआधी सतरंजी, पालथं घालणं, खेळणं हाताच्या थोडं पलीकडे ठेवणं. याला ‘श्रीमंतांचे लाड’ म्हणायचं असेल तर म्हणा. खर्च सतरंजीचा नाही, आणखी एका मावशीच्या पगाराचा आहे, आणि तो मागायचा विश्वस्तांकडे.

परदेशी तक्त्यांचं म्हणाल, तर डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांसाठीच विकास मोजायची मोजपट्टी बसवली. तिच्यात हालचालींच्या ६७ कसोट्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या चालण्याच्या ८.२ ते १७.६ महिने या मर्यादेसाठीही दिल्लीतली मुलं पाहिली होती.

तुम्ही अशा मुलांमध्ये काम केलंय, म्हणून एक सांगते. मूल सावकाश का होईना, पुढे जात असेल तर त्याला खेळवत राहा, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (वाढीत मागे पडलेल्या मुलांसाठीच्या सरकारी केंद्रात) मोफत तपासणी करून घ्या. पण बसणारं मूल बसेनासं झालं, तर वाट न पाहता एआरटी सेंटर गाठा. एचआयव्हीवरचं झिडोवुडिन चालू असेल आणि मूल नुसतं मरगळलं असेल, तर हिमोग्लोबिनही पाहायला सांगा. त्या औषधानं रक्त कमी होऊ शकतं.

राहिला नाव-फोटोचा प्रश्न. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख पटेल असं काहीही छापू देत नाही, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं लागणीची माहिती गुप्त ठेवायची आहे. कायदा बाजूला ठेवा. संस्थेचं नाव लिहिलं, की तिथून शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा आजार त्याच्या वर्गातल्या पालकांना कळतो. त्यामुळे नाव नाही, फोटो नाही, पाठमोरासुद्धा नाही.