‘दहा फूट सांगून साडेनऊ फुटांवर रिंग ठोकली’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आम्ही बसवलेल्या बास्केटबॉलच्या रिंगबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. फिटिंगला आमची माणसं उशिरा आली, तुमचे फोन उचलले गेले नाहीत, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण ‘फसवणूक’ असं चारचौघांत लिहिलंत ते जिव्हारी लागलं. नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचतं.

तुम्हीच टाकलेल्या फोटोत टेप रिंगमागच्या बोर्डाच्या खालच्या कडेला लावलाय. ती कड नियमाप्रमाणे २.९० मीटरवर, म्हणजे साडेनऊ फुटांवरच असते. उंची धरतात ती रिंगच्या वरच्या कडेची: ३.०५ मीटर, दहा फूट. मधले १५ सेंटीमीटर आम्ही खाल्लेले नाहीत. शाळेच्या मोठ्या गटापासून फिबा (जागतिक बास्केटबॉल संघटना) आणि एनबीएपर्यंत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) हीच उंची. ‘मुलींसाठी तरी खाली हवी होती’ म्हणता, तर खाली येतं ते व्हॉलीबॉलचं नेट, २.४३ वरून २.२४ मीटरवर. बास्केटबॉलमध्ये मुलींना रिंग तीच, फक्त बॉल सातऐवजी सहा नंबरचा.

मोजायचंच तर रिंगच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि बरोबर त्याखालच्या जमिनीपर्यंत मोजा. खांबापाशी नको, पाणी जायला मैदानाला उतार असतो. पुढचं टोक, डावी बाजू, उजवी बाजू, तिन्हीकडे माप घ्या. ६ मिलिमीटर इकडेतिकडे नियमातही चालतं. पुढचंच टोक झुकलं असेल तर कोणीतरी लटकलंय. ही साधी रिंग आहे, स्प्रिंगची नाही. लटकलं की प्लेटचे बोल्ट ढिले होतात. फोटोत मागे एक दादा लटकलेले दिसतायत, असो. आणि तिथे पेव्हर ब्लॉक टाकणार असाल तर आधी कळवा. ६० मिलिमीटरचा ब्लॉक, खाली वाळू, म्हणजे रिंग तीन-चार इंच बुटकी होणार आणि बोल पुन्हा आम्हाला.

आठ वर्षांच्या मुलाचा बॉल पोचत नाही, ही तक्रार मात्र रास्त. सात-आठ वर्षांना आठ फूट, नऊ ते अकराला नऊ फूट, बारापासून दहा, असं एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल सांगतात. फिबाच्या मिनी, म्हणजे लहान मुलांच्या, बास्केटबॉलला २.६० मीटर आणि पाच नंबरचा बॉल. रिंग उंच असली की लहान मूल बॉल कमरेपासून नाहीतर खांद्यामागून भिरकावतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. म्हणूनच हँडलने खालीवर होणारा स्टँड कोटेशनमध्ये पहिल्या ओळीत होता. स्वस्त पडतो म्हणून तुमच्या कमिटीनेच फिक्स खांब घेतला. सहीचा कागद आमच्याकडे आहे.

यापुढे वयानुसार उंची कोटेशनमध्येच लिहू, फोनचंही काहीतरी बघतो. या आठवड्यात माणूस पाठवतो, बोल्ट आवळून देईल, पैसे नकोत. माप मात्र त्याच वेळी कमिटीतल्या कोणीतरी स्वतःच्या हाताने घ्यावं, आणि दहा फूट भरलं तर रिव्ह्यू तेवढा बदलावा.