जुन्या ऑफिसच्या सीडीवरून: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

नवा कम्प्युटर घेतला तरी मायक्रोसॉफ्टचं जुनं 2010 चं ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) सीडीवरून त्यावर टाका, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. 'नव्या कम्प्युटरवर 2010 चं ऑफिस टाका, हा तुमचा सल्ला म्हणजे नव्या घराला गंजकं कुलूप. काटकसरीच्या नावाखाली लोकांना खड्ड्यात घालू नका,' असं तुम्ही लिहिलंत. काटकसरीचं म्हणाल तर मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब बघतो. सुताचा भाव किलोमागे दोन रुपये हलला तरी आमचं महिन्याचं गणित फिरतं. 'चालतंय की ओ, कशाला बदलायचं' हे तोंडात बसलेलंच आहे.

पण कुलपाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. 2010 चे सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2020 ला थांबले, हे मी लिहिलं होतं. त्यापुढे 'आमचं मात्र काही बिघडलं नाही' अशी फुशारकीही मारली होती. आमचं बिघडलं नाही ते जुन्या कम्प्युटरवर, जिथे दहा वर्षांची ठिगळं, म्हणजे हे अपडेट, एकावर एक बसलेली आहेत. सीडीतून नव्याने टाकलं की सीडी निघाली तेव्हाचा माल येतो, बिनठिगळाचा. त्यातला समीकरणं लिहायचा जुना इक्वेशन एडिटरच घ्या. 2017 मध्ये त्यात असं भोक सापडलं की मेलवर आलेली फाईल नुसती उघडली तरी घुसखोराचं काम व्हावं. शेवटी जानेवारी 2018 च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो एडिटरच काढून टाकला. सीडीत तो अजून आहे. कारखान्यात समीकरणं कोण लिहितंय म्हणा, पण चोर आपल्याला विचारून खिडकी निवडत नाही.

दुसरी चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. कम्प्युटरबरोबर आलेलं ऑफिस त्या कम्प्युटरपुरतंच असतं. डबा भंगारात गेला की परवानाही गेला. वेगळा खोका विकत घेतला असेल तर गोष्ट निराळी. आमचं कोणतं, हे मी कपाटातलं बिल काढून काल पाहिलं. कम्प्युटरबरोबरचंच निघालं.

आता जिथे पटत नाही तिथे. 'सरळ वर्षाचं भाडं भरून 365 घ्या, सगळ्यांनी' असंही तुम्ही लिहिलंत, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं भाड्याचं ऑफिस. हे कशासाठी? आमच्या गेटवर चलन टाईप करणाऱ्या पोराला लिबरऑफिस हे ऑफिससारखंच दुसरं सॉफ्टवेअर पुरतं, तेही फुकट. फक्त श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात टाईप केलेली पत्रं असतील तर तो फाँट आधी नव्या कम्प्युटरवर टाकावा लागतो, नाहीतर मराठीच्या जागी कचरा दिसतो. महागातलं ऑफिस घेतलं तरी तो कचरा तसाच दिसणार.

माझं मन बदललं ते मात्र सुरक्षेमुळे नाही. गेल्या महिन्यात सीएंच्या ऑफिसातून एक शीट आली, एक्सेलचं एक्सलुकअप हे नवं सूत्र वापरून केलेली. ते सूत्र 2010 ला माहीतच नाही. गंमत अशी की फाईल उघडल्यावर आकडे नीट दिसतात, कारण ते शेवटचं सेव्ह केल्यावेळचे असतात. मी एका पार्टीची रक्कम बदलली, आणि खालच्या बेरजेत आकड्याऐवजी '#नेम?' उभं. तिथे तरी चूक ओरडून सांगते. पण मी काही न बदलता प्रिंट काढली असती, तर ती शीट आपल्याकडे चालतच नाही हे मला कळलंही नसतं. बाहेरून कोणाच्या फायली येतात, हे आधी बघायला हवं होतं. मी सीडी शाबूत आहे का ते बघत बसलो.

तर आमचं ठरलंय असं: हिशेबाच्या टेबलावर 2024 चं ऑफिस, एकदाच पैसे भरून. त्याचे अपडेट ऑक्टोबर 2029 पर्यंत आहेत. जुना डबा नेटची वायर काढून लेबलं छापायला ठेवलाय. लेखातला सीडीचा परिच्छेद आज सकाळी खोडला. फुशारकीचं वाक्य ठेवलंय, त्यावर काट मारून.