टक्कल, कंगवा आणि ९४७

माझ्या डोक्यावर कंगवा फिरवावा असं आता काही उरलेलं नाही, तरी माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात कंगवा असतो. बायकोला तो सापडला तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की काटे काढायला आहे, आणि खरं बोलणं इतकं खोटं वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

तर आम्ही राहतो वाळवंटाच्या काठावर आणि किचनच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. नाव नाही. नकाशात नुसता एक ठिपका आणि शेजारी ९४७, म्हणजे उंची मीटरमध्ये. नाव असलेल्या शिखरांवर वाट असते, पाट्या असतात, फोटो काढून द्यायला माणसं असतात. पण मला भांडी घासताना रोज समोर दिसणारा हा बिनबारशाचाच हवा होता, आणि दिसत तर असा होता की अर्धा तास चाललं की पायथा.

पायथ्याला पोचायला अडीच तास लागले. कोरड्या स्वच्छ हवेत लांबचं जवळ वाटतं, त्यात मध्ये झाड नाही, घर नाही, मग अंदाज बांधायचा कशावरून? चार लिटर पाणी म्हणजे पाठीवर चार किलो, त्यातलं निम्मं चढ सुरू व्हायच्या आत संपलं. आणि मी खुश, की बघा मला घामसुद्धा येत नाही! येत होता हो, पण बाहेर पडल्या पडल्या वाळत होता, नंतर शर्टावर मिठाचे नकाशे उमटले तेव्हा कळलं.

मग घसारा. दोन पावलं वर, दीड पाऊल खाली. तो संपला तर समोर सरळसोट कडा, जो नकाशात नव्हताच. म्हणजे होता, पण आमच्या नकाशात कंटूरची, म्हणजे सारखी उंची जोडणारी, रेष दर २० मीटरला, त्यामुळे १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये बिनबोभाट लपू शकतो. त्याला वळसा घालून दमलो आणि रुमालाएवढी सावली दिसली म्हणून टेकलो, तर त्या सावलीत माझ्याआधी एक कॅक्टस बसलेला. त्याचा एक तुकडा पोटरीला चिकटला, तो हाताने काढला तर हाताला चिकटला, कारण त्या काट्यांना उलटी बारीक कुसळं असतात, आत सहज जातात, बाहेर यायला तयार नसतात. कंगवा काढला, कातडी आणि तुकडा यांच्यामध्ये सरकवला आणि दिला झटका. तुकडा मस्त उडाला आणि सॅकवर जाऊन बसला, जी मी पाच मिनिटांनी बेफिकिरीने उचलून पाठीला लावली.

तीनदा वाटलं की आलं शिखर, तिन्ही वेळा मागून अजून एक निघालं. चौथं खरं होतं. वर दगडांची छोटी रास, त्यात गंजका डबा, डब्यात वही. माझ्याआधी कोणीतरी येऊन गेलं होतं याचं वाईट वाटलं, पण तारखेखाली फक्त 'कशासाठी?' एवढंच लिहिलेलं, त्यामुळे माणूस आपला वाटला. सही करायला गेलो तर पेनातली शाई वाळलेली. जिथे घाम टिकत नाही तिथे शाई काय टिकणार.

आता पुरावा काय? खाली सगळीकडे रेंज गायब होती, वर मात्र फुल्ल. घरी फोन लावला, म्हटलं दुर्बीण घे आणि खिडकीत ये. सॅकचं केशरी रेनकव्हर (वाळवंटात रेनकव्हर का नेलं हे विचारू नका) हातात घ्यायला खाली वाकलो, तोवर पलीकडून आवाज, "दिसलास! अरे, हात पण हलवतोयस!"

मी अजून काहीच हलवलं नव्हतं.

उतरताना चुकलो. चढताना सगळ्या धारा, म्हणजे डोंगराच्या सोंडा, शिखरालाच येऊन मिळतात, उतरताना त्याच धारांना फाटे फुटत जातात आणि प्रत्येक फाटा बरोबरच वाटतो. भलत्याच ओढ्यात उतरलो, तासभर जादा तंगडतोड. घरी पोचलो तर बायकोने कौतुकाने खिडकीतून बोट दाखवलं, "तिथे होतास ना?"

मी म्हटलं, हो. एवढ्या अभिमानाने दाखवत होती, काय सांगणार.

रात्री नकाशा उघडून बघितलं. तो १०१२ आहे.